म्हातारा हॅमस्टर, आखडलेले मागचे पाय: घरात काय काय बदलावं?

शेवंती

आमच्याकडे सव्वादोन वर्षांचा सीरियन हॅमस्टर आहे, मुगू. लेक सातवीत असताना आणला, आता ती नववीत आहे. आम्ही निफाडजवळ राहतो, त्यामुळे थंडी कशी असते ते वेगळं सांगायला नको. सध्या पहाटे पारा आठ-नऊ अंशांवर असतो.

दिवाळीपासून मुगूची चाल बदलली. उठला की पहिली दहा मिनिटं मागचे पाय ताठच असतात, कमरेत वाकलेला, पोट जमिनीला घासत चालतो. थोडा फिरला की जरा मोकळा होतो. पण परवा एक गोष्ट बघितली आणि रात्रभर झोप नाही लागली. त्याला कान खाजवायचा होता. मागचा उजवा पाय उचलला, तो अर्ध्यावरच अडकला आणि तसाच हवेत फिरत राहिला. कानापर्यंत पोचलाच नाही. तीनदा प्रयत्न केला, मग पाय खाली टेकवून गप्प बसून राहिला. मी बोटाने कान खाजवून दिला, तर डोळे मिटून मान माझ्याकडे कलती केली.

जवळच्या एका दवाखान्यात नेलं होतं. त्यांनी डबा उघडलाही नाही. "वय झालंय, आता याचं काय करणार," एवढं म्हणून परत पाठवलं. लेक तिथेच रडली.

वय झालंय हे आम्हालाही कळतं. पण वय झालं म्हणून दुखणं सोसायचंच का? कोणी म्हाताऱ्या हॅमस्टरचं केलं असेल तर सांगा.

रानभूल

शेवंतीताई, आमच्या दोघी अशाच म्हाताऱ्या होऊन गेल्या. आधी एवढं सांगा: वजन किती? पिंजरा कसला, किती मजली? चाक केवढं? खाली काय अंथरता? लघवी-लेंडी नीट होते का?

शेवंती

वजन आजच स्वयंपाकघरातल्या काट्यावर केलं, ११२ ग्रॅम. गेल्या वर्षी लेकीने वहीत १३८ लिहिलंय. पिंजरा तारेचा, तीन मजली, चढायला शिड्या. चाक पिंजऱ्याबरोबरच आलेलं, तारेचं, मोजलं तर १४ सेंटीमीटर. खाली वखारीतला लाकडाचा भुसा. लेंडी ठीक आहे, पण पोटाखालचे केस ओले राहतात, वास येतो. आणि दोन्ही कुल्ल्यांवर एकेक काळा डाग दिसतोय, केस विरळ झालेत. ती गाठ तर नसेल?

पशुवैद्य सातारकर

मी गाई-म्हशींचा डॉक्टर, पण गेली काही वर्षं ससे, गिनीपिग, हॅमस्टरही बघतो. न तपासता निदान करणार नाही. काय तपासून घ्यायचं ते सांगतो.

डागांचं आधी. नर असेल आणि दोन्ही बाजूंना सारख्याच जागी काळपट ठिपके असतील तर त्या वासाच्या ग्रंथी. सीरियन हॅमस्टरला त्या कमरेच्या दोन्ही अंगांना असतातच, म्हातारपणी केस विरळ झाले की उघड्या पडतात. एकाच बाजूला असेल, फुगीर असेल, चिघळला असेल तर दाखवा.

आता पाय. सीरियन हॅमस्टर साधारण दोन ते अडीच वर्षं जगतो, काही तीन गाठतात. म्हणजे तुमचा मुगू म्हातारा आहेच, आणि सांध्यांची झीज या वयात होतेच. पण ताठ पाय म्हणजे संधिवातच असं धरून बसू नका. वाढलेली नखं, तळव्याला झालेली जखम, शिडीवरून पडून झालेलं बारीक हाड मोडणं, कण्याचं दुखणं, यातलं काहीही असू शकतं. पोट फुगलेलं आणि अंगावर सूज असेल तर मूत्रपिंडाकडे बघावं लागतं. म्हाताऱ्या हॅमस्टरांत, विशेषतः माद्यांत, मूत्रपिंडात एक प्रकारचं प्रथिन साठत जाण्याचा आजार बराच दिसतो. श्वास जोरजोरात चालत असेल तर हृदय. पाय एकाएकी लुळे पडले तर थांबू नका, त्याच दिवशी न्या.

हॅमस्टर हा दुसऱ्याचं भक्ष्य होणारा प्राणी. दुखतं हे तो दाखवत नाही, दाखवलं तर रानात कोणीतरी उचलतं. म्हणून तो ओरडत नाही यावर जाऊ नका. पाठीला कुबड, अर्धे मिटलेले डोळे, विस्कटलेले केस, अंग चाटणं कमी होणं, हीच त्याची तक्रार. पोटाखाली ओलं राहतं ते बहुधा यामुळेच. नीट बसता येत नाही, वाकून स्वच्छ करता येत नाही. कोमट पाण्यात पिळलेल्या मऊ फडक्याने पुसा, लगेच कोरडं करा. आंघोळ कधीच घालू नका.

आणि घरातली गोळी चुरून देऊ नका. पॅरासिटामॉल नाही, आयब्युप्रोफेन नाही, आजीचं सांधेदुखीचं काही नाही. ११२ ग्रॅमच्या जिवाला गोळीचा कणही जास्त होतो. दुसरी गोष्ट, कोणी अँटिबायोटिक लिहून दिलं तर नाव विचारा. पेनिसिलिन, ॲमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन ही हॅमस्टरला घातक ठरतात. आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, क्लॉस्ट्रिडियम नावाचा घातक जंतू माजतो आणि दोन-चार दिवसांत प्राणी जातो. माणसाच्या लेकराला जे डोळे मिटून दिलं जातं ते याला चालत नाही.

छोट्या प्राण्यांचं काम करणारा डॉक्टर नाशकात नक्की मिळेल. जाण्याआधी फोन करून "हॅमस्टर बघता का" असं सरळ विचारा.

सुलभामावशी

आमच्या घरी गुडघ्याला महानारायण तेल चोळतात, चांगला गुण येतो. दोन थेंब कोमट करून हलक्या हाताने चोळलं तर?

पशुवैद्य सातारकर

मावशी, तेल नको. अंगाला जे लागेल ते तो चाटतो, म्हणजे ते पोटातच जाणार. तेलाने केस चिकटले की ऊब धरून ठेवत नाहीत, थंडीत ते आणखी वाईट. निलगिरी, कापूर, बाम असलं उग्र वासाचं तर जवळही नको, या प्राण्यांची श्वासनळी फार नाजूक असते. शेक मात्र द्या, तो आपल्यासारखाच त्यांनाही बरा वाटतो.

सुलभामावशी

बरं झालं विचारलं. नाहीतर मी कुणालाही सांगितलं असतं.

ॲबर्डीनकर

मूळची सांगलीची, आता स्कॉटलंडात, त्यामुळे थंडी आणि हॅमस्टर दोन्हींचा अनुभव आहे. आमची चिंगी पावणेतीन वर्षं जगली, शेवटचे आठ महिने मागच्या पायांनी अधू होती. आम्ही काय केलं ते सविस्तर लिहिते.

तीन मजले आजच काढा. म्हाताऱ्या हॅमस्टरला शिडी चढता येते, उतरता येत नाही. तो उतरत नाही, पडतो. शिवाय त्यांची नजर इतकी अधू असते की कडा कुठे संपते ते दिसतच नाही. मोठा प्लास्टिकचा साठवणीचा टब घ्या, झाकणाला जाळी लावा, सगळं एका पातळीत आणा.

पाण्याची बाटली बघा. आमची चिंगी पुढचे पाय भिंतीला टेकवून, मान वर ताणून पाणी प्यायची. मला वाटायचं ही तिची सवय. एक दिवस मागचे पाय घसरून ती कुशीवर पडली, उठली, पुन्हा तशीच ताणली, दोन घोट घेतले आणि सोडून दिलं. ती कमी पाणी पीत होती कारण उभं राहणं दुखत होतं, हे मला महिनाभर कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी चिनीमातीची उथळ वाटी ठेवली, लोणच्याच्या वाटीएवढी. त्या रात्री ती तिथे इतका वेळ प्यायली की मी मोजत बसले होते. बाटलीही राहू द्या, पण नळी एवढी खाली की चार पाय जमिनीवर टेकलेले असताना तोंड पोचेल.

खाऊची वाटीही उथळ हवी, काठ ओलांडावा लागू नये. झोपायच्या घराला मोठं दार आणि उंबरा नको. मी पुठ्ठ्याच्या खोक्याला तीन बाजू ठेवल्या, चौथी मोकळी.

भुसा बदला. वखारीतल्या भुशात कुठलं लाकूड, कसली धूळ, काहीच कळत नाही. देवदार-पाइनचा वासाचा भुसा तर नकोच. रंग-छपाई नसलेल्या कागदाच्या पट्ट्या, टिश्यू पेपर चालतो. "हॅमस्टरसाठी कापूस" म्हणून जे पिंजऱ्याबरोबर विकतात ते फेकून द्या, धागे पायाला गुंडाळतात आणि पाय तुटायची वेळ येते, पोटात गेले तर आतडं अडतं. अंथरूण नेहमीच्या वाटेवर दाबून घट्ट करा, म्हणजे पाय रुतत नाहीत. एका कोपऱ्यात मात्र खोल आणि भुसभुशीत ठेवा. बीळ करणं त्यांच्या रक्तात आहे.

एक मात्र लक्षात ठेवा, सगळं एका दिवसात धुऊन-पुसून नवं करू नका. त्याला घर वासाने कळतं. जुन्या अंथरुणातलं मूठभर कोरडं, त्याच्या वासाचं, नव्यात मिसळा. नाहीतर म्हातारपणी परक्या घरात टाकल्यासारखं होतं.

रानभूल

अगदी हेच लिहिणार होते. त्यात चाकाची भर घालते. १४ सेंटीमीटरचं चाक सीरियनला फार लहान. त्यात धावताना पाठ मागे धनुष्यासारखी वळते, रोज रात्री मैलोन्‌मैल तशीच. सीरियनला २८ ते ३० सेंटीमीटर लागतं, आणि तारेचं नको, सलग पृष्ठभागाचं. तारेत पाय अडकतो.

शेवंती

चाकाचं वाचून पोटात गोळा आला. दोन वर्षं तो त्यातच धावला. दुकानात कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. आज काढून टाकलं. पण लेक म्हणते, चाकाशिवाय तो रात्रभर कोपरा कुरतडत बसतो. मोठं आणू की चाक बंदच करू?

कोकणकडा

बंद करा. दुखऱ्या सांध्यांना विश्रांती हवी.

रानभूल

माझं मत उलट. माझ्या पहिलीचं चाक मी असंच काळजीपोटी काढलं होतं. पंधरा दिवसांत मांड्या इतक्या बारीक झाल्या की ती उभीच राहीना. दुसरीला मोठं चाक दिलं, आत कॉर्कचं पातळ अस्तर चिकटवलं. ती धावायची नाही, चालायची. चार फेऱ्या, मग बसायची, मग पुन्हा चार.

पशुवैद्य सातारकर

रानभूल यांच्याशी सहमत. न हलणारा सांधा आणखी आखडतो, आणि स्नायू गेला की सांध्याला आधारच राहत नाही. मोठं चाक, चढायला सोपं, स्वतःच्या मर्जीने. फक्त दुखणं तीव्र असेल किंवा मोडलेलं असेल तर काही दिवस काढायचं. कोकणकडा, तुमची काळजी बरोबर आहे, ती अशा दिवसांसाठी. आणि चाकात सँडपेपर लावू नका, नखं झिजतात म्हणून विकतात, पण तळवे सोलून निघतात.

दिल्लीतला मी

थंडीवरून एक सांगणं गरजेचं वाटलं. जानेवारीत आमचा हॅमस्टर सकाळी गार आणि वळलेला सापडला. आईने कापडात गुंडाळला, कुंडीत खड्डाही केला. भावाने शेवटचं हातात घेतलं तेव्हा मिशी हलल्यासारखी वाटली. बघत बसलो तर बऱ्याच वेळाने एक श्वास. पाऊण तास आळीपाळीने छातीशी धरून बसलो, हळूहळू थरथरायला लागला, मग डोळे उघडले. तो थंडीने गुंगीत गेला होता. निफाडच्या थंडीत हे होऊ शकतं. हीटरसमोर धरून एकदम तापवू नका, अंगाच्या उबेने सावकाश आणा.

पशुवैद्य सातारकर

बरोबर. थंडी, कमी उजेड, कमी खाणं एकत्र आलं की हे होतं, आणि म्हाताऱ्या, हडकलेल्या हॅमस्टरला त्यातून बाहेर यायला ताकद उरत नाही. खोली २० ते २४ अंशांच्या आसपास ठेवा. जमत नसेल तर टबाच्या एकाच बाजूला, बाहेरून, गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून टेकवा. एकाच बाजूला, म्हणजे नको वाटलं तर त्याला सरकता येईल. आत वायर असलेलं काही ठेवू नका, कुरतडतील.

माळढोक

मी पक्षीनिरीक्षक, हॅमस्टरमधलं काही कळत नाही, पण औषधाचा विषय निघेल म्हणून लिहितो. डॉक्टर बहुधा मेलोक्सिकॅम हे दुखणं-सूज कमी करणारं औषध देतील. आपल्याकडे गिधाडं संपत आली ती गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे. औषध दिलेलं जनावर मेलं, गिधाडांनी खाल्लं, की मूत्रपिंड निकामी होऊन गिधाडं मरायची. २००६ साली गुरांसाठी त्यावर बंदी आली आणि पर्याय म्हणून पुढे आलं ते मेलोक्सिकॅम, कारण ते गिधाडांना सुरक्षित ठरलं. तेच औषध एका हॅमस्टरच्या सांध्यांना आराम देतं हे वाचून बरं वाटलं.

शेवंती

नाशकात डॉक्टर मिळाले. त्यांनी मुगूला टेबलावर न ठेवता आधी दहा मिनिटं डब्यातच चालताना बघितलं. मग एक्स-रे. उजव्या गुडघ्याला आणि कमरेच्या खालच्या मणक्यांना झीज आहे. हाड मोडलेलं नाही. डाग म्हणजे ग्रंथीच. मागची नखं एवढी वाढली होती की पाऊल तिरकं पडत होतं, ती कापली, आणि तिथेच, टेबलावर, तो जरा सरळ उभा राहिला. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.

औषध मेलोक्सिकॅमच, माळढोक. पातळ, दिवसातून एकदा, वजनावर हिशेब करून. मात्रा इतकी कमी की सुई काढलेल्या इन्सुलिनच्या सिरिंजवर रेघा मोजाव्या लागतात. बाटली दर वेळी नीट हलवायची, नाहीतर औषध तळाशी बसतं. पोट रिकामं नको. मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो म्हणून पाणी भरपूर पितोय ना ते बघायचं, आणि दर आठवड्याला वजन.

रानभूल

वजनासाठी आम्ही द्यायचो ते: कोमट पाण्यात भिजवून मऊ केलेले पेलेट (हॅमस्टरच्या तयार खाद्याच्या गोळ्या), उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग शेंगदाण्याएवढा, वाफवलेला लाल भोपळा. मीठ, तिखट, फोडणी काही नाही. कांदा, लसूण, संत्रं-मोसंबी, सफरचंदाच्या बिया, कच्चा राजमा नको. सूर्यफुलाच्या बिया एक-दोनच. मऊ देताय म्हणून कडक बंद करू नका, दात आयुष्यभर वाढत असतात. ज्यांच्याकडे लहान जातीचे ड्वार्फ आहेत त्यांनी फळं जपून द्या, त्यांच्यात मधुमेह होतो.

उगवती

हा धागा चार दिवस वाचतेय, लिहायला धीर होत नव्हता. आमची गुंजी गेल्या पावसाळ्यात गेली. कोणीतरी विचारेल म्हणून लिहिते, थांबायचं कधी. औषध चालू असूनही गुंजीने आवडता भोपळा नाकारला, मग पाणी, मग कूस बदलणंही सोडलं. आम्ही वहीत रोज तीन गोष्टी लिहायचो: खाल्लं का, स्वतःहून घराबाहेर आली का, अंग चाटलं का. लागोपाठ तीन दिवस तिन्हींपुढे "नाही" आलं. डॉक्टरांनी आधी गुंगी दिली, ती माझ्या ओंजळीतच झोपली, मग शेवटचं इंजेक्शन. शेजारचे म्हणाले, तीनशे रुपयांच्या उंदरासाठी एवढं? मी उत्तर दिलं नाही. दोन वर्षं रोज रात्री दहाला ती माझी वाट बघायची, ते त्यांनी बघितलेलं नव्हतं.

ॲबर्डीनकर

उगवती, बरं केलंत लिहिलंत. वहीची कल्पना आम्हीही वापरू.

शेवंती

धागा वर काढतेय, दोन महिने झाले. उगवती, तुमची वही आमच्याकडेही सुरू आहे. लेकीने रेघा आखल्यात, आतापर्यंत "नाही" फार थोडे आहेत.

मुगू आता टबात राहतो. नवं चाक आधी आठ दिवस नुसतं हुंगलं. नवव्या रात्री खरखर आली म्हणून उठले तर आत चालत होता, सावकाश, एकेक पाऊल टाकत. वजन ११९. पहाटे अजून ताठ असतो, पण दहा मिनिटांची दोन-तीन झाली. कानापर्यंत पाय अजून पोचत नाही, ते बहुतेक पोचणारही नाही. रात्री जेवणं झाली की लेक कान खाजवते, दोन्ही बाजू.

मधे वाचनात आलं की आज जगभर पाळले जाणारे बहुतेक सीरियन हॅमस्टर १९३० साली अलेप्पोजवळच्या एका शेतातून इस्रायल अहरोनी यांनी खणून काढलेल्या मादीचे आणि तिच्या पिल्लांचे वंशज आहेत. तिथले हॅमस्टर खोल बिळात राहतात, वर ऊन असो की थंडी, आत हवा फारशी बदलत नाही. वाचल्यावर लेकीने स्वतःच टबातला खोल कोपरा आणखी वाढवला. मुगूला आता स्वतःला खणवत नाही, म्हणून तिने पुठ्ठ्याची नळी आडवी पुरून आयतं बीळ करून दिलं. त्यातच झोपतो.

आता उलटा प्रश्न. मार्च लागला, दुपारी पारा पस्तिशीच्या पुढे जातोय. गरम पाण्याची बाटली कधीच बंद झाली. उन्हाळ्यात काय करता?

पशुवैद्य सातारकर

थंडीपेक्षा उन्हाळा जास्त जपा. तिशीच्या वर त्यांना उष्माघात होतो. टब तळमजल्यावर, भिंतीच्या आतल्या बाजूला. पंख्याचा झोत थेट नको. गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून बाहेरून एका बाजूला टेकवा.

सुलभामावशी

शहाबादी फरशीचा तुकडा असेल तर ठेव गं. आमचा बोका उन्हाळाभर त्यावरच असतो. कडा घासून घे, आणि अंथरुणाच्या पातळीत बसव, म्हणजे त्याला चढावं लागणार नाही.

शेवंती

मावशी, परसात जुन्या मोरीची फरशी पडली होती. ह्यांनी वीतभर तुकडा कापून, कडा घासून दिला. काल दुपारी ठेवला. मुगूने चारही बाजूंनी हुंगला, मग पुढचे दोन पाय वर, थोडा थांबला, मग मागचा डावा, मग उजवा. आणि पोट टेकवून, मागचे दोन्ही पाय लांब करून पसरला. असा पाय सोडून झोपलेला त्याला दिवाळीनंतर पहिल्यांदा बघितला.